साक्षर तर केलं, दहावीचं काय?

१७ मार्च २०२४ च्या रविवारी राज्यभर नवसाक्षरांची परीक्षा झाली. वाचनाचे ५०, लेखनाचे ५०, संख्याज्ञानाचे ५०, अशी दीडशे गुणांची. चष्मा सावरत पेपर लिहिणाऱ्या आज्यांचे फोटो छापून आले. त्या आज्यांचं मला मनापासून कौतुक आहे. उतारवयात अक्षर गिरवायला बसणं सोपं नाही, आणि ज्या शिक्षकांनी आणि गावातल्या पोरापोरींनी त्यांना शिकवलं त्यांचं श्रेयही मोठं आहे. पण दरवेळी एक गोष्ट खटकते. त्या फोटोंत तिशी-चाळिशीची माणसं दिसत नाहीत. आठवी-नववीतून शाळा सुटलेली, नाहीतर दहावीला इंग्रजी-गणितात गेलेली बाई तिथं नसते. तसा पुरुषही नसतो. त्यांना वाचता येतं, सही करता येते, मोबाइलवरचा मेसेज कळतो. त्यामुळे ती साक्षर. आणि साक्षर झाली की सरकारच्या लेखी तिचं शिक्षण संपलं.

माझं म्हणणं असं की ग्रामीण विदर्भात प्रौढ शिक्षणाचा आजचा मोठा प्रश्न अक्षरओळखीचा नाही, दहावीचा आहे. ज्याला दहावी पूर्ण करायची आहे त्याला ती शिकवून पूर्ण करून देणं हे सरकारचं काम आहे. आज सरकार फक्त परीक्षेला बसायची परवानगी देतं आणि शिकायचं कसं हे ज्याचं त्याच्यावर सोडून देतं.

२०११ च्या जनगणनेचे आकडे पाहा. राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या थोडी वर होती. अकोला, अमरावती आणि नागपूर हे जिल्हे ८७-८८ टक्क्यांवर, म्हणजे राज्याच्या बरेच पुढे. गडचिरोली ७४ च्या आसपास, तिथला प्रश्न वेगळा आणि जास्त खोल आहे. पण वऱ्हाडापुरतं बोलायचं तर अक्षरओळख नसलेला माणूस आता मुख्यतः म्हातारपणी भेटतो. त्याखालच्या वयाची, कापूस वेचणारी, निंदायला जाणारी, ट्रॅक्टर चालवणारी माणसं शाळेत गेलेली आहेत. त्यांची शाळा मधेच सुटली.

ती कशी सुटली हेही गावाला ठाऊक आहे. जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल बाजाराच्या गावी, पाच-आठ किलोमीटरवर. आज मुलींना शाळेत नेणाऱ्या, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या आहेत, मुलींना सायकली मिळतात. पंचवीस वर्षांपूर्वी यातलं काही नव्हतं. मुलगी शहाणी झाली की घरी बसायची आणि दोन-तीन वर्षांत तिचं लग्न व्हायचं. मुलगा दहावीपर्यंत पोचला तरी इंग्रजी आणि गणित त्याला अडवायचं. तेव्हा दहावीचा निकाल आजच्यासारखा नव्वदीच्या पुढे लागत नव्हता.  त्या वर्षांत नापास झालेली मुलं आज चाळिशीत आहेत. त्यांतली कित्येक आजच्या नियमांनी सहज पास झाली असती. पण निकालपत्रावरचा शेरा अजून त्यांना चिकटलेला आहे, आणि त्या शेऱ्यावरून गावातली कामं आजही ठरतात.

पोलीस पाटील व्हायचं तर दहावी पास लागते. एसटीत वाहक व्हायचं तर दहावी. आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना दहावी. १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्या माणसाला सरपंचपदाला उभं राहायचं तर निदान सातवी लागते. अंगणवाडी सेविकेला आधी दहावी चालायची आणि मदतनीसाला सातवी. २०२३ पासून दोघींनाही बारावी लागते. या शेवटच्या बदलाचा अर्थ काय, ते गावात बसलं की कळतं. अंगणवाडीतल्या जागेसाठी त्याच गावची रहिवासी असणं सक्तीचं आहे आणि निवडीत विधवेला जादा गुण आहेत. कर्जापायी नवरा गमावलेल्या बायका यवतमाळ, अमरावती, वाशीम, बुलढाण्यात किती आहेत हे नव्यानं सांगायला नको. जादा गुणांची तरतूद त्यांच्यासारख्यांसाठीच आहे. पण अशी बाई आठवी शिकलेली असेल तर तिचा अर्जच घेतला जात नाही, आणि जादा गुण कागदावर राहतात. सरकारनं एका हातानं जागा दिली आणि दुसऱ्या हातानं अट वाढवली. ती अट पूर्ण करायचा रस्ता मात्र कुणी बांधला नाही.

रस्ता आहे, असं अधिकारी म्हणतील. कागदावर तो खरंच आहे, एक नाही तीन आहेत. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे. किमान पाचवी पास आणि चौदा वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला तो भरून बाहेरून दहावीला बसता येतं. केंद्राची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून आहे. तिची परीक्षा वर्षातून दोनदा होते, एकेक-दोनदोन विषय घेऊन बसता येतं, नोंदणी पाच वर्षं चालते, माध्यम मराठीही घेता येतं. शिवाय २०१७ च्या शासन निर्णयानं राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ स्थापन झालं, त्यात पाचवी, आठवी आणि दहावी असे स्तर आहेत. म्हणजे कायदा आणि सोय दोन्ही आहेत. मग दारव्हा, घाटंजी, रिसोड, धारणीच्या खेड्यांतली माणसं तिथवर पोचत का नाहीत?

मी ज्या शाळेत गणित शिकवतो तिथं १७ नंबरचं संपर्क केंद्र आहे, त्यामुळे या माणसांची वाट कुठं अडते ते समोर दिसतं. पहिली अडचण टीसीची. शाळा सोडल्याचा मूळ दाखला हवा, आणि तो माहेरच्या गावी, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या दाखल-खारीज रजिस्टरात. ती शाळा पटाअभावी बंद झालेली असते, रजिस्टर केंद्रशाळेच्या कपाटात गेलेलं असतं, कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते मीटिंगला गेलेले असतात. बाईची एका दिवसाची मजुरी बुडते. दुसऱ्या खेपेला दाखला मिळतो तर त्यावर आडनावात एक काना कमी. जन्मतारीख १ जून, कारण तेव्हा गुरुजी बहुतेकांची तीच लिहायचे, आणि आधारवर वेगळंच काहीतरी. छत्तिशीतल्या एका ताईनं दोन्ही कागद माझ्या टेबलावर ठेवले आणि विचारलं, "बापाच्या नावाची टीसी हाय, नवऱ्याच्या नावाचं आधार हाय. मंग मी पेपर कोणाच्या नावानं लिहू, सर?" प्रतिज्ञापत्र, लग्नाची नोंद, नाही तर राजपत्र, अशी उत्तरं आहेत. प्रत्येक उत्तराला तहसीलची एक चक्कर आणि थोडे पैसे लागतात. दहावीच्या पहिल्या धड्याला हात लावायच्या आधीच कित्येक जणी इथून परत जातात.

ज्या टिकतात त्यांच्यापुढे दुसरी अडचण उभी राहते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी. शिकवायला कुणी नाही. फॉर्म भरून घेणं, तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक आणि प्रकल्पाचे गुण देणं इतकंच संपर्क केंद्राचं काम. या माणसांना वर्गात बसवून शिकवायची जबाबदारी शाळेवर नाही, आणि त्यासाठी एका पैशाची तरतूदही नाही. 'खाजगी विद्यार्थी' म्हणून त्यांची नोंद होते, आणि अभ्यासाचं काय करायचं ते खाजगीतच ठरवायचं असतं. ज्यानं पंधरा-वीस वर्षं पुस्तक हातात धरलं नाही त्यानं बीजगणित, भूमिती, इंग्रजी आणि विज्ञानाचे दोन भाग एकट्यानं कसे उरकायचे? म्हणून मग मध्यस्थ येतात. पैसे द्या, दहावी काढून देतो, असं सांगणारी माणसं तालुक्याच्या ठिकाणी भेटतात, आणि परीक्षेत कॉपीचा धंदा यातूनच वाढतो. नेकीनं शिकू पाहणाऱ्याला कुठं जागाच ठेवली नाही तर यापेक्षा वेगळं काय होणार? कॉपी थांबवायला भरारी पथकं लागतात हे खरं, पण त्याआधी वर्ग भरवायला हवा.

इथं एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो चांगली माणसंही घेतात. वावरात राबणाऱ्या बाईला बीजगणिताचा काय उपयोग? प्रौढांसाठी काहीतरी सोपं, वेगळं ठेवा, दहावीचा हट्ट सोडा. हे मला मुळीच पटत नाही, आणि का पटत नाही ते वर्गात घडलेल्या एका गोष्टीवरून सांगतो. त्याच ताई बचत गटाचं रजिस्टर लिहितात. गटाचं व्याज शेकडा दोन, महिन्याचं. कुणी पाच हजार उचलले आणि महिन्याला पाचशे मुद्दल फेडत गेलं, तर व्याज पहिल्या महिन्यात शंभर, मग नव्वद, मग ऐंशी, असं उतरत जाऊन दहाव्या महिन्यात दहा रुपये. हे त्या बोटांवर मोजतात, चूक होत नाही. दहावीच्या पुस्तकात अंकगणित श्रेढीचं प्रकरण आहे. पहिलं पद शंभर, साधारण फरक उणे दहा, पदं दहा. पहिल्या आणि शेवटच्या पदाची बेरीज एकशे दहा, तिला पाचनं गुणा, एकूण व्याज साडेपाचशे. हे मी फळ्यावर मांडलं तेव्हा त्यांनी आपलं रजिस्टर पिशवीतून काढलं, एका जुन्या कर्जाचं पान उघडलं आणि दहा ओळींची बेरीज त्या सूत्रावर तपासून पाहिली. जुळली. मग शेजारच्या पानावरचं बारा महिन्यांचं, सहा हजारांचं कर्ज त्यांनी स्वतः मांडलं. व्याज एकशे वीसपासून दहापर्यंत, एकूण सातशे ऐंशी.

त्या दिवशी त्यांना दहावीचं एक प्रकरण आलं हा भाग आहेच. त्याहून मोठं हे झालं की जे काम त्या वर्षानुवर्षं हातानं करत होत्या, त्यामागचा नियम त्यांच्या मालकीचा झाला. सोपं करून दिलेल्या, पातळ केलेल्या प्रौढ पाठ्यपुस्तकातून हे होत नाही. खरा विषय आणि तो या माणसाच्या जगण्याशी जोडून देणारा शिक्षक, दोन्ही लागतात. पंधरा वर्षांच्या मुलाला अर्थनियोजनाच्या प्रकरणातला जीएसटी आणि शेअर परका वाटतो. कृषी केंद्राचं बिल हातात घेऊन भांडलेल्या माणसाला तो परका वाटत नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या मृत्यूंचा दोष मेलेल्यांच्या शिक्षणावर टाकणं हा अन्याय होईल. औषधं कशी विकली गेली, संरक्षक साहित्य का नव्हतं, दवाखान्यात काय झालं, हे प्रश्न आधी येतात. पण कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण काय सांगतो, मात्रा कशी मोजायची, दोन औषधं मिसळली तर काय होतं, हे रसायनशास्त्र शिकण्याचा हक्क फवारणी करणाऱ्याला नसावा का? नवसाक्षरांच्या चाचणीत हे येत नाही. विज्ञान नीट शिकवलं तर दहावीच्या वर्गात येऊ शकतं.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. पदवी घेतलेली पोरं गावात रिकामी फिरतात, डी.एड., बी.एड. केलेले कापसाच्या गाडीवर हमाली करतात, मग चाळिशीच्या माणसाला दहावी करून काय मिळणार? हे वास्तव मी नाकारत नाही. दहावीनंतर नोकरी मिळेलच असं सांगून कुणाला वर्गात बसवणं म्हणजे फसवणूक आहे, आणि ती करू नये. पण या प्रश्नाआड एक समजूत लपलेली आहे की गरिबानं शिकायचं ते नोकरीसाठीच. बाईनं शिकायचं तर मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून. शहरातल्या माणसानं पन्नाशीत संस्कृत किंवा कायद्याचा अभ्यास सुरू केला तर त्याला कुणी विचारत नाही की यातून मिळकत किती होणार. शेतमजूर बाईला तो प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो. तिला दहावी हवी असेल तर तिला ती हवी आहे म्हणून, एवढं कारण पुरे मानलं पाहिजे.

आपल्याकडे लेकरांसाठी झिजण्याची परंपरा मोठी आहे. आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा ताट विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला असं सांगत गावोगाव फिरले. त्या सांगण्यावर पिढ्या उभ्या राहिल्या. आज ताट विकायची वेळ नाही, पण मनातली रांग तशीच आहे. आधी मुलगा, मग मुलगी, आणि आईचा नंबर लागायच्या आधी रांग संपते.

अट काढून टाका, हाही एक मार्ग सुचवला जातो. मालवाहू आणि प्रवासी वाहन चालवायला आठवी पासची अट होती. २०१९ मध्ये केंद्रानं ती काढली आणि ते बरोबर केलं, कारण गाडी चालवायचं कौशल्य आठवीच्या निकालावर ठरत नाही. अंगणवाडी मदतनीसाला बारावी कशाला लागते, हा प्रश्नही मला रास्त वाटतो, आणि तिथं फेरविचार व्हायला हवा. पण अटी उतरवणं आणि माणसाला शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. एक केलं म्हणून दुसरं सुटत नाही. अट काढली तरी बँकेतल्या कागदावरची बारीक अक्षरं तीच राहतात आणि कोर्टाच्या नोटिशीची भाषाही.

वेळेचं आता सांगतो, कारण माझ्या दृष्टीनं सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा तोच आहे. १७ नंबरचे फॉर्म पावसाळ्यात भरून घेतात. पश्चिम विदर्भात तेव्हा डवरणी आणि निंदण जोरात असतं, मजुराला श्वास घ्यायला फुरसत नसते. वर्ग घ्यायचे म्हटले तर ऑक्टोबरात सोयाबीन कापणी, तिथून पुढं जानेवारीपर्यंत कापूस वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर असते. एक दिवस शाळेत बसलं की तेवढे किलो गेले. फेब्रुवारीत तोंडी परीक्षा आणि प्रात्यक्षिकं, तेव्हा तूर नाही तर हरभरा निघतो. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत वेळापत्रक निराळं. तिथं जुलै-ऑगस्टात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे धान कापणी, मार्च-एप्रिलात पहाटे मोहफूल वेचायला जंगलात, मे महिन्यात तेंदूपत्ता. लेखी परीक्षा संपता संपता मोह गळायला लागतो. पुरवणी परीक्षा जून-जुलैत, म्हणजे पेरणी आणि रोवणीच्या तोंडावर. शाळेचं वर्ष मुलांसाठी आखलेलं आहे आणि ते तसंच असू दे. पण ज्याचं पोट हंगामावर आहे त्याची परीक्षा मुलांच्याच महिन्यांत का घ्यायची? राष्ट्रीय मुक्त विद्यालयाला वर्षातून दोन परीक्षा आणि मागणीनुसार परीक्षा घेता येते, तर राज्याच्या मुक्त मंडळाला विदर्भाच्या दोन पट्ट्यांसाठी दोन वेगळे महिने ठरवता येतील.

आणि वर्गाचा दिवस कोणता? सायंकाळचा वर्ग म्हणणाऱ्यांनी सायंकाळी सहा वाजता वावरातून परतलेल्या बाईचं घर पाहिलेलं नाही. चूल, पाणी, जनावरं, म्हातारे. रात्रशाळेची परंपरा मोठी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती, आणि मुंबईच्या रात्रशाळांनी कामगारांच्या पिढ्या शिकवल्या. खेड्यातल्या बाईला मात्र रात्र मोकळी नसते. तिला एक दिवस मोकळा असतो, आणि तो पंचांगात नाही, गावाच्या व्यवहारात आहे. बाजाराचा दिवस. आमच्या भागात आठवडी बाजाराच्या दिवशी मजूर सहसा वावरात जात नाही. आठवड्याचा चुकारा त्याच सुमारास होतो, आणि बाई तेल-मीठ-मिरची घ्यायला बाजाराच्या गावी येतेच. हायस्कूल तिथंच आहे. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. त्या दिवशी दुपारी अकरा ते दोन एक खोली मोकळी करून दिली तर वर्ग भरतो. यासाठी नवी इमारत लागत नाही, मुख्याध्यापकाची इच्छा आणि वरून एक पत्र पुरतं.

शिक्षक कोण? हे काम स्वयंसेवकावर सोडू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. 'उल्लास' या नावानं चालणारा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ असा आहे, देशभराची तरतूद १,०३७ कोटींच्या वर, आणि शिकवणारे सगळे बिनपगारी. अक्षरओळख करून द्यायला शेजारची कॉलेजातली मुलगी पुरते. वर्गसमीकरण शिकवायला पुरत नाही. नियमित शिक्षकांवर हे लादलं तर काय होतं तेही २०२३ मध्ये दिसलं. निरक्षरांच्या सर्वेक्षणाचं काम अशैक्षणिक आहे म्हणून शिक्षक संघटनांनी त्यावर बहिष्कार टाकला होता. वर जे डी.एड., बी.एड. झालेले बेकार सांगितले, ते प्रत्येक गावात आहेत. त्यांना घड्याळी तासिकेवर मानधन देऊन नेमा. दोन प्रश्न एकाच खोलीत थोडे थोडे सुटतील.

विशेष म्हणजे यासाठी नवी योजनाही लागत नाही. 'उल्लास'च्याच आराखड्यात पाच घटक आहेत. अक्षर-अंकओळख हा पहिला. पुढं जीवनकौशल्यं, व्यवसायकौशल्यं, मग मूलभूत शिक्षण, ज्यात माध्यमिक स्तरापर्यंतची समकक्षता येते, आणि शेवटी निरंतर शिक्षण. गावात पोचलेला मला तरी पहिलाच दिसतो. चाचणी झाली, प्रमाणपत्र वाटलं, आकडा वर गेला की काम संपलं असं मानलं जातं. बाकीचे घटक त्याच कागदावर आहेत, ते अमलात आणायचे आहेत. शिक्षण जन्मभराचं असतं हा विचार विदर्भाला बाहेरून शिकावा लागत नाही. १९३७ साली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, तिथून नई तालीम, म्हणजे गांधीजींची हातकामातून शिकवायची पद्धत, निघाली, आणि १९४५ मध्ये सेवाग्रामात तिची व्याप्ती लहान मुलांपलीकडे प्रौढांपर्यंत नेण्यात आली. त्याच वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या गावात आज चाळिशीची बाई दहावी करायची म्हणाली तर तिनं कुठं जायचं?

आधी लेकरांच्या शाळा वाचवा, पट कमी म्हणून त्या बंद पडताहेत, पैसा तिकडे लावा, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. त्या लढाईत मीही आहे. पण वीस पटाच्या आतल्या शाळेची इमारत आठवड्यातून एक दिवस गावातल्या मोठ्या माणसांच्याही कामी आली, तर ती बंद करणं कुणालाही जड जाईल. हे दोन मुद्दे एकमेकांविरुद्ध उभे करायची गरज नाही.

मेळघाट आणि भामरागडकडचा प्रश्न आणखी वेगळा आहे हे मान्य करून पुढं जातो. कोरकू किंवा माडिया बोलणाऱ्या बाईला दहावीची मराठीसुद्धा शिकलेली भाषा आहे, इंग्रजी तर तिसरी. तिथं बाजाराच्या दिवसाचा एक वर्ग पुरणार नाही. तिथली भाषा जाणणारा शिक्षक लागेल आणि पाचवी-आठवीच्या स्तरापासून सुरुवात करावी लागेल.

एक लाजेची गोष्टही आहे, जी पुरुष बोलून दाखवत नाहीत. लेकीच्या वर्गातल्या पोरांशेजारच्या बाकावर बसून पेपर लिहायचा, नापास झालो तर गावभर होईल, म्हणून कितीतरी जण फॉर्म नेतात आणि परत आणत नाहीत. मोठ्यांसाठी परीक्षेचं केंद्र वेगळं ठेवलं तर ही भीती निम्म्यानं उतरेल. विषय एकेक करून द्यायची सोय राज्याच्या मंडळानंही ठळकपणे गावापर्यंत पोचवावी. पहिल्या वर्षी मराठी आणि सामाजिक शास्त्रं, दुसऱ्या वर्षी विज्ञान, हाताला बळ आलं की गणित आणि इंग्रजी. तीन वर्षं लागली तरी लागू द्या.

सुरुवात कुठून करायची, तर यादीपासून. गावोगाव निरक्षरांची यादी झाली, तशी शाळा मधेच सुटलेल्यांची यादी कुणी केलेली माझ्या पाहण्यात नाही. ग्रामसभेत ठराव घेऊन ती करता येते. अठरा ते पन्नास वयाची माणसं, शेवटची इयत्ता, शेवटची शाळा आणि तिचं गाव, टीसी आहे की नाही, आधारवरचं नाव टीसीशी जुळतं की नाही, कोणता महिना मोकळा, दहावी हवी आहे का. उमेदची, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची, सीआरपी ताई (बचत गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती) गावातलं प्रत्येक घर ओळखते, तिला या कामाचं मानधन द्या. यादी हातात आली की तालुक्याला एक दाखले शिबिर लावा. गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख, तहसीलचा माणूस आणि प्रतिज्ञापत्र करून देणारा, सगळे एका मांडवात, आणि जुनी रजिस्टरं त्याच मांडवात आणून ठेवलेली. जातीच्या दाखल्यांसाठी अशी शिबिरं होतात, तशीच. मे महिन्यात, पेरणीच्या आधी. फॉर्म भरायची मुदत उघडेल तेव्हा कागद तयार असतील, आणि बाजाराच्या दिवशी शाळेतली कोणती खोली द्यायची एवढंच मुख्याध्यापकानं ठरवायचं राहील.